कान कशात मोडतो

अण्णा,

आपलं दुकान गरजेचं आहे की नाही, हे तुम्ही असताना आपल्याला कुणी विचारलं नाही. तुम्ही सकाळी शटर वर करायचात, उदबत्ती लावायचात, टेबलावरचा दिवा पेटवायचात आणि माणसं यायला लागायची. एवढंच होतं. तुम्ही गेल्यावर वीसेक वर्षांनी तो प्रश्न मला विचारला गेला आणि मी दिलेलं एकही उत्तर कुणाला पटलं नाही. त्यालाही आता काही वर्षं झाली. शहर सगळं विसरून पुन्हा हॉर्न वाजवायला लागलंय. मी मात्र अजून भांडी घासताना, सिग्नलला उभी असताना, एका सरकारी टेबलासमोर जाऊन मनातल्या मनात भांडते. भांडणात दर वेळी तुम्ही मध्ये येता आणि मला गप्प करता. म्हणून म्हटलं, एकदा तुम्हालाच सगळं सांगून टाकावं.

तुम्हाला माहीत नसणार, म्हणून सुरुवातीपासून सांगते. जगभर एक साथ आली. श्वासातून पसरणारी. सरकारनं सगळं बंद केलं, रस्ते, गाड्या, शाळा, देवळं, आणि कोणती दुकानं उघडी राहतील याची यादी काढली. किराणा, दूध, भाजी, औषधं. ती यादी मी मोबाइलवर वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. कानाचं यंत्र त्यात कुठंच नव्हतं. चष्म्याच्या दुकानांचं काय, असं निदान लोक विचारत तरी होते. कानांचं कुणी विचारलंही नाही. विचारणार कोण? ज्यांना ऐकू येत नाही ते फोन करून तक्रार थोडीच करणार. आपल्या समोरचा मिठाईवाला मात्र उघडा होता, कारण तो दुधाच्या पिशव्या ठेवतो. पिशव्यांच्या शेजारी पेढे, पेढ्यांच्या शेजारी आंबा बर्फी. बर्फी अत्यावश्यक ठरली, अण्णा. आपले सेल नाहीत.

तुमच्या वेळची खिशातली यंत्रं आता गेली. ती शर्टाच्या खिशातली डबी आणि कानापर्यंत गेलेली वायर कुणी वापरत नाही. तिला साधा सेल चालायचा, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळायचा. आताचं यंत्र कानामागे बसतं आणि त्याला शर्टाच्या बटणापेक्षाही लहान सेल लागतो. आठवडाभर चालतो, फार तर थोडा जास्त, आणि मग यंत्र म्हणजे कानात अडकवलेला प्लास्टिकचा तुकडा. हे सेल औषधाच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, आपल्यासारख्यांकडेच मिळतात. माझ्याकडे त्यांची पाकिटं होती शनिवार पेठेत, दुकानाच्या कपाटात. मी होते वारज्यात, घरात कोंडलेली.

पहिला आठवडा गप्प गेला. मग फोन सुरू झाले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे नव्हेत, त्यांच्या घरच्यांचे. ‘बाबा चिडचिड करतायत.’ ‘सासूबाई टीव्हीसमोर बसून नुसत्या चित्रं बघतायत.’ त्यातला एक फोन आपल्या बाईंच्या मुलाचा. बाई आठवतात ना? प्राथमिक शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर तुमच्याकडे यंत्र घ्यायला आल्या आणि तुमच्याच पावतीवरचं शुद्धलेखन तपासून गेल्या. गल्लीत त्यांना सगळे बाईच म्हणतात. पंच्याऐंशीच्या पुढच्या, शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकट्या. मुलगा वाघोलीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

“ताई,” तो म्हणाला, “आई फोन उचलते आणि म्हणते, तू बरा आहेस ना, एवढंच सांग. मी बरा आहे म्हणून ओरडतो. ती म्हणते, काहीच ऐकू येत नाही रे. आणि ठेवून देते. मग पुन्हा तीच फोन करते. दिवसभर हेच चाललंय.”

“शेजारी कुणी नाही?”

“खालच्या घरात एक जण पॉझिटिव्ह निघाला, सगळ्यांना घेऊन गेले. आता त्या जिन्यात कुणी पाय टाकत नाही. दूधवाला दारात पिशवी ठेवतो आणि पळतो.”

त्यानं मदतीच्या क्रमांकावरही फोन केला होता. रुग्ण आहे का? नाही. जेवण हवंय का? नाही. मग काय हवंय? सेल हवाय, ऐकायला. पलीकडच्यानं फोन ठेवला.

मी स्कूटर काढली. जुनी औषधाची चिठ्ठी हातात धरली होती, पण नाक्यावर अडवलंच. पोलीस तरुण होता, उन्हानं आणि जागरणानं वैतागलेला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बाई, ऐकू येत नाही म्हणून कुणी मरत नाही.”

“ऐकू आलं नाही म्हणून माणसं गाडीखाली जातात,” मी म्हटलं.

त्यानं मागे वळून त्या लांबलचक मोकळ्या रस्त्याकडे बघितलं. “दाखवा की एखादी गाडी.”

मी पुणेकर असून माझी बोलती बंद झाली. पण त्यालाच बहुधा माझी कीव आली असावी. म्हणाला, परवानगी हवी असेल तर क्षेत्रीय कार्यालयात जा, मी तुम्हाला बघितलं नाही.

कार्यालयात रांग होती. खडूनं गोल आखलेले, एकेका गोलात एकेक माणूस. माझ्या पुढच्या गोलात कोण असावं? आपल्या शेजारचे मिक्सरवाले भाई. तुम्ही गेलात तेव्हा ते चाळिशीचे असतील, आता दाढी पांढरी. त्यांचे आजोबाही पेठेतलेच, हे ते दर दोन दिवसांनी कुणाला तरी ऐकवतात. त्यांनाही दुकान उघडायचं होतं. दोघांचा अर्ज एकाच साहेबापुढे गेला. साहेब वाईट नव्हता, अण्णा, हेच तर जास्त चीड आणतं. डोळे लाल, टेबलावर गार झालेला चहा. त्यानं माझा परवाना हातात घेतला आणि म्हणाला, “यावर विद्युत वस्तूंची विक्री व दुरुस्ती असं आहे.”

“वडिलांनी तसं लिहिलं होतं. पण आम्ही कानाची यंत्रं विकतो.”

“म्हणजे औषध?”

“औषध नाही.”

“मग वैद्यकीय उपकरण? तसा परवाना आहे?”

“नाही. पण माणसाला त्याशिवाय…”

“बाई, कान कशात मोडतो ते मला सांगा. मी तिथं तुम्हाला बसवतो. विद्युत वस्तूंना परवानगी दिली तर हे मिक्सरवाले उभेच आहेत. परवा पंखेवाला येईल.”

भाई म्हणाले, “साहेब, मग दोघांना द्या. निम्म्या पेठेच्या बायका पाट्यावर वाटण वाटतायत.”

“दोघांना नाही,” साहेब म्हणाला.

माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही, पण साहेबानं हात वर केला आणि म्हणाला, “आवाज खाली, बाई.” बाहेर आल्यावर भाई मास्कच्या आतून म्हणाले, “चला, आपल्यात भेदभाव तरी केला नाही.” मला हसू आलं नाही. मला त्यांचा राग आला होता. त्याच दिवशी, त्याच वेळी त्यांनी कशाला यावं? त्यांच्या मिक्सरनं माझी बाजू कमजोर केली, असं तेव्हा वाटलं.

आणि तुमचाही राग आला. तो परवाना बदलून घ्या, असं मी तुम्हाला किती वेळा म्हटलं होतं. तुम्ही म्हणायचात, “गिऱ्हाईक काय परवाना वाचून आत येतं?” तुमची सुरुवात रेडिओ दुरुस्तीनं झाली, हे मान्य. त्या निवृत्त कारकुनांची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती, ते आवाज बारीक येतो म्हणून पुन्हा पुन्हा रेडिओ घेऊन यायचे. तुम्ही दोनदा उघडून बघितलात, तिसऱ्यांदा त्यांच्यासमोर लावलात, तर रस्त्यापलीकडचे लोक वळून बघायला लागले. मग तुम्ही त्यांना हळूच म्हणालात, “रेडिओ चांगला आहे, आपण जरा कान दाखवून घ्या.” ते रागावून गेले आणि महिन्यानं यंत्राची चौकशी करायला परत आले. तिथून आपला धंदा वळला. धंदा वळला, पण कागद तिथंच राहिला, तुम्ही गेल्यावर माझ्याकडूनही. तुमच्या त्या आळसाला मी त्या दिवशी स्कूटरवर बसून मोठ्यानं शिव्या दिल्या. रस्ता रिकामा होता, कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर लगेचच पेठा सील झाल्या. गल्लीगल्लीच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे. आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही. मी तिथं पोचायची शक्यता संपली. मुलाचे फोन येत राहिले आणि मी त्याला तीच तीच माहिती देत राहिले.

मला तेव्हा सारखा तो रविवार आठवायचा. मी कॉलेजात असेन. आदल्या दिवशी दुकानात एक आजोबा आले होते आणि मी त्यांच्याशी ओरडून बोलत होते. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “ओरडायला ही काय मंडई आहे? समोर उभी राहा. तोंड दिसू दे त्यांना.” मला फार लागलं. घरी येऊन मी रुसून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात, माझ्या दोन्ही कानांत कापसाचे घट्ट बोळे घातलेत, वर रुमाल बांधलात आणि खुणेनं सांगितलंत, संध्याकाळपर्यंत काढायचं नाही. आईनं आधी तुम्हाला वेड्यात काढलं. मग ती तिच्या कामाला लागली आणि मी ओट्यापाशी उभी. दूध उतू जातं, ते मला वास आल्यावर कळतं. आई पाठीमागून काहीतरी मागते आहे, मी कोथिंबीर निवडत बसले आहे, ती खांदा धरून मला वळवते आणि तिच्या चेहऱ्यावर वैताग आहे. दुपारपर्यंत मला खात्री पटली की तुम्ही दोघं माझ्याबद्दलच काहीतरी बोलताय. काहीतरी वाईट. कुणी आजारी आहे आणि मला सांगत नाहीये. जेवताना मी रडायलाच लागले. तुम्ही बोळे काढलेत. तेव्हा कळलं, तुम्ही दोघं शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटरबद्दल बोलत होतात.

बाईंचं तेच झालं. मुलाचा आवाज नाही, टीव्हीवर नुसती रुग्णवाहिकांची आणि चितांची चित्रं. त्यांनी ठरवून टाकलं की मुलगा गेलाय किंवा जाण्याच्या वाटेवर आहे आणि लोक लपवतायत. एका सकाळी त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा घेतला, बंद यंत्र सवयीनं कानामागे अडकवलं, पायांत चपला घातल्या आणि वाघोलीला निघाल्या. चालत. बांबूखालून वाकून बाहेर पडल्या. मागून कुणीतरी हाका मारल्या असतील, त्यांना कुठल्या ऐकू यायला. कुंभार वेस ओलांडून जुन्या बाजारापर्यंत त्या पोचल्या आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. उठताच येईना.

रस्ता झाडणाऱ्या दोन बायकांनी त्यांना बघितलं. नाव काय, कुठं राहता, विचारलं. मास्कमुळे बाईंना ओठही दिसेनात. त्या एवढंच म्हणत राहिल्या, माझा मुलगा वाघोलीला आहे. शेवटी त्यांतल्या एकीनं चार पावलं मागं जाऊन स्वतःचा मास्क खाली केला आणि सावकाश विचारलं, “आजी, फोन नंबर हाय का कुनाचा?” बाईंनी मुलाचा नंबर पाठ म्हणून दाखवला. शिक्षिकाच त्या. त्या झाडणाऱ्या बाईनं मास्क उतरवला नसता तर पुढं काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही. नियम मोडला तिनं. बरं केलं.

पण सील केलेल्या भागातून बाहेर आलेलं माणूस सापडलं की त्याला थेट घरी नेता येत नव्हतं. बाईंना विलगीकरण केंद्रात नेलं. एका वसतिगृहाच्या खोलीत खाट, वर पंखा, आणि दाराशी पांढऱ्या पोशाखात नखशिखान्त झाकलेली माणसं. ती काय विचारतात ते कळत नाही, म्हणून बाई काहीबाही उत्तरं द्यायच्या. रक्तदाबाचं विचारलं तर मुलाचं सांगायच्या. त्यांच्या कागदावर कुणीतरी लिहिलं, रुग्ण गोंधळलेल्या मनःस्थितीत, स्मृतिभ्रंशाची शक्यता. मुलगा मला हे वाचून दाखवत होता आणि रडत होता. “माझी आई वेडी नाही, ताई. तिला फक्त ऐकू येत नाही.”

मी फोन ठेवला आणि रागापायी इतके दिवस जे टाळलं होतं ते केलं, भाईंना फोन लावला. दुकानाची एक किल्ली त्यांच्याकडे असते, तुमच्या वेळेपासून. ते पेठेच्या आतच राहत होते. मी सांगितलं, कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात केशरी पाकिटं आहेत.

“मिक्सरवाल्याला कशाला सांगता?” ते म्हणाले. “एखादा अत्यावश्यक माणूस बघा.”

मग त्यांनीच विचारलं, “केशरी म्हणालात ना? आणि ती तिथं पोचणार कशी?”

ते आम्हाला दोघांनाही एकदमच सुचलं. मिठाईवाल्याची दुधाची गाडी. तिला सगळीकडे परवानगी होती. रोजा होता भाईंचा, उन्हाची वेळ. त्यांनी तुमच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेले, पाकीट घेतलं, गाडीवाल्याच्या हातात दिलं आणि परत येऊन शटर ओढताना सापडले. चौकीत बसवून ठेवलं त्यांना. रोजा सोडायची वेळ उलटून गेली, तेव्हा एका हवालदारानं स्वतःच्या डब्यातलं केळं दिलं म्हणे. गुन्हा नोंदवला तो नोंदवलाच. नंतर मला सांगताना भाई म्हणाले, “लिहून घेतलं त्यांनी, अत्यावश्यक नसलेलं दुकान उघडलं. मी म्हटलं, साहेब, दुकान माझं नाही, हेही लिहा. ते काही लिहिलं नाही.”

पाकीट दुधाच्या क्रेटमधून केंद्रात पोचलं. तिथल्या नर्सनं मला फोन लावला. दिवसभराच्या कामानं थकलेली मुलगी. मी तिला सांगत गेले. आधी सेलवरचा कागद काढ, लगेच घालू नकोस, मिनिटभर हवा लागू दे, सपाट बाजू वर. ती म्हणाली, घातला. मग काहीच नाही. नुसतं खरखरणं. मला वाटलं, यंत्र बिघडलंय आणि आता सगळं संपलं. आणि मग बाईंचा आवाज आला, तोच शाळेतला, खणखणीत.

“अगं, हा पंखा केवढा वाजतोय! बंद कर आधी.”

मी वारज्यात स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. नर्सनं मुलाला फोन जोडून दिला. बाईंनी त्याला विचारलं, तू बरा आहेस ना? तो म्हणाला, बरा आहे. इतकंच. नंतर त्याला काही बोलवेना, तर बाई त्याला रागावल्या की आता ऐकू येतंय तर बोलत का नाहीस.

त्यांना लागण झालेलीच नव्हती. त्या सुटल्या आणि मुलगा त्यांना वाघोलीला घेऊन गेला तो कायमचाच. शनिवार पेठेतल्या खोल्यांना कुलूप. बाराव्या मजल्यावर त्यांचं मन कधी रमलं नाही. मला फोन करायच्या आणि दर वेळी तेच. “त्यांनी मला वेडी लिहिलं गं.” मुलानं तो शेरा खोडून घ्यायला खेटे घातले. रुग्ण बऱ्या झाल्या, आता काय फरक पडतो, असं त्याला सांगण्यात आलं. परवाच्या थंडीत बाई गेल्या. शेवटपर्यंत सगळं ऐकू येत होतं त्यांना, आणि शेरा तसाच आहे.

आपलं दुकान उघडलं ते दारूची दुकानं उघडल्यावर. मी पुलावरून येताना ती रांग बघितली, लांबच लांब. मग एक दिवस रस्त्याच्या या बाजूची दुकानं आणि एक दिवस त्या बाजूची, असं चाललं. म्हणजे कान एका दिवशी गरजेचे, दुसऱ्या दिवशी नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा सगळं बंद झालं आणि भाईंनी गाळा सोडला. ते आता कोंढव्यात घरीच मिक्सर दुरुस्त करतात. त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. कार्यालयाबाहेर मला त्यांचा जो राग आला होता त्याबद्दल मी त्यांना कधी बोलले नाही. त्यांना तो कळला असणारच. किल्ली मात्र त्यांनी परत दिलेली नाही, आणि मी मागितली नाही.

गेल्या आठवड्यात मी परवाना बदलायला बसले. आता सगळं संगणकावर असतं. व्यवसायाचा प्रकार निवडा म्हणून एक लांब यादी उघडते. मी ती पूर्ण खालपर्यंत बघितली. शेवटी ‘इतर’ निवडलं. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. तुम्ही त्या साहेबाला चहा पाजला असतात, त्याच्या आईच्या कानांची चौकशी केली असतीत आणि हसत घरी आला असतात. मला ते जमत नाही, अण्णा. आणि खरं सांगू का, ते जमावं असंही मला वाटत नाही. माणसाला ऐकू यावं की नाही, हे चहावर का ठरावं?

हे कुठं पाठवायचं नाही, हे मला कळतं. लिहिताना तुमची वाक्यं मी जशीच्या तशी लिहिली. मंडईचं, परवान्याचं, रेडिओ चांगला असल्याचं. शब्द सगळे आठवतात. तुमचा आवाज मात्र मला आता आठवत नाही. बरेच दिवस झाले त्याला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.